साठी ओलांडल्यावर कॉलेजच्या ग्रुपवर तरुणपणीचे फोटो टाकणे शोभते का?

आपण विचारले आहे की कॉलेजच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे तरुणपणीचे फोटो टाकतात, त्यावर थट्टामस्करी रंगते, तर या वयात हे शोभते का आणि आपणही टाकावेत का. माझे उत्तर असे की अवश्य टाकावेत, आणि शोभण्या-न शोभण्याची चिंता जे आपल्यासाठी वाहतात त्यांना ती स्वतःच्या फोटोंबाबत कधी वाटली होती का, हे आधी विचारावे. हाच प्रश्न मला एकदा भर पंगतीत विचारला गेला होता, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

वादाचा फोटो डिसेंबर १९७६ मधला आहे. मी तेव्हा कोल्हापुरात एस.वाय.ला होते. आमची सहल पन्हाळ्याला गेली होती. आम्ही सगळे एसटीने गेलो आणि एक वर्गमित्र मात्र वडिलांची राजदूत मोटारसायकल घेऊन आला होता. सज्जा कोठीजवळ त्याने ती उभी केली, आणि मैत्रिणीच्या मुंबईच्या मामेबहिणीची उसनी बेलबॉटम व डोळ्यांवर कोणाचा तरी गॉगल अशा अवतारात मी तिच्यावर जाऊन बसले. गाडी स्टँडवर होती, किल्ली मालकाच्या खिशात होती, आणि मला मोटारसायकल आजही चालवता येत नाही. फोटो काढला तो आग्फा क्लिक थ्रीने. बडोद्याला तयार होणारा हा कॅमेरा तेव्हा अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा असे. त्याच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत रोल फिरवावा लागे, आणि ते विसरले की एकावर एक दोन चित्रे उमटून दोन्ही वाया जात. त्या बारांतला एक फोटो एकट्या मुलीवर, तोही तिला चालवता न येणाऱ्या गाडीसह, खर्च करावा की नाही यावर तिथेच बरीच वादावादी झाली होती. शेवटी कॅमेऱ्याचा मालक माझ्या बाजूने उभा राहिला.

त्या जानेवारीत गॅदरिंगला मला फिशपाँड पडला. फिशपाँड म्हणजे गॅदरिंगला सर्वांसमोर वाचली जाणारी निनावी थट्टेची चिठ्ठी, हे आपल्या पिढीला सांगायला नको. माझा होता, ‘एसटी चुकली तरी चालेल, पण राजदूत चुकता कामा नये.’ सभागृह हसले, मला स्टेजवर बोलावून रबरी फुग्याचा भोंगा भेट दिला, मी तो तिथेच तीनदा वाजवला आणि खाली येऊन बसले. चिठ्ठी कोणी टाकली होती ते अर्थातच कळले नाही.

१९८१ मध्ये माझे लग्न झाले. माहेरून जो अल्बम बरोबर नेला तो काळ्या कागदाचा, फोटो कोपऱ्यांत अडकवलेला असा होता. आल्यागेल्याला तो दाखवण्याची त्या घरात पद्धत होती, आणि दिवाळीत पाहुण्यांसमोर अल्बम उघडला तेव्हा माझ्या लक्षात आले की राजदूतचा फोटो जागेवर नाही. तो शेजारच्या पानावरच्या एनएसएसच्या शिबिराच्या मोठ्या फोटोमागे सरकवून ठेवला होता. हे काम माझ्या धाकट्या दिरांचे होते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची त्याला मूक संमती होती. ‘वहिनी, लोक उगाच काहीतरी अर्थ काढतात,’ एवढेच ते म्हणाले. वयाने ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण नव्या सुनेला कोणत्या गोष्टीसाठी भांडायचे आणि कोणती सोडून द्यायची याचा हिशेब मांडावा लागतो, आणि मला बँकेतली नोकरी टिकवायची होती. ती टिकली. फोटो मात्र शिबिराच्या फोटोमागेच राहिला आणि पुढे मलाही त्याचे विस्मरण झाले.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, फेसबुकवर आपापले विसाव्या वर्षीचे फोटो टाकण्याची लाट आली होती, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या ग्रुपवर तोवर सकाळच्या फुलांची चित्रे आणि काढ्यांच्या कृती यांपलीकडे काही येत नव्हते. कोणीतरी एनसीसीच्या गणवेशातला फोटो टाकला आणि मग बांधच फुटला. कल्ले, लांब कॉलर, दोन वेण्या, गॅदरिंगच्या नाटकातल्या चिकटवलेल्या मिशा. ज्यांना आम्ही तीस वर्षे पाहिले नव्हते ते लोक एका दुपारीत ओळखीचे झाले. मी अल्बम काढला, शिबिराचा फोटो कोपऱ्यांतून सोडवला, त्यामागून राजदूत बाहेर काढली आणि ग्रुपवर टाकली.

त्यानंतरचे संभाषण मी जपून ठेवले आहे. एकीने विचारले की सायलेन्सर तापलेला नव्हता का. गाडीच्या मालकाने खुलासा केला की तापण्याचा प्रश्नच नव्हता, कारण घाटात पेट्रोल संपल्याने शेवटचा चढ त्याने गाडी ढकलत आणली होती आणि ही गोष्ट त्याने त्या दिवशी कोणालाही सांगितली नव्हती. आणि रात्री साडेदहाच्या सुमारास, वर्गात तीन वर्षांत ज्याचा आवाज आम्ही हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, अशा एका वर्गमित्राने लिहिले, ‘एसटी चुकली तरी चालेल ही चिठ्ठी माझी होती. क्षमस्व.’ मी त्याला उत्तर दिले की क्षमा नाही, भोंगा परत घेऊन जावा. टाळेबंदीत घरात एकटा असलेला तो माणूस त्या रात्री एक वाजेपर्यंत लिहीत होता. साठीनंतर हे सगळे पोरकट आहे असे ज्यांचे मत असेल, त्यांनी त्याला त्या रात्री दुसरे काय देता आले असते तेही सांगावे.

आता शोभण्याविषयी. तो फोटो मी स्टेटसला ठेवला होता; तेथून माझ्या पुतणीने तो उचलून कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला, आणि दहा मिनिटांत भाऊजींचा संदेश आला की वहिनींनी आता वयाचा आणि नातवंडांचा विचार करावा. पुढे निर्बंध उठल्यावर घरातल्या एका मुंजीच्या पंगतीत त्यांनी हा विषय पुन्हा काढला, सर्वांदेखत, हसत हसत, म्हणजे मी चिडले तर मलाच थट्टा कळत नाही असे म्हणता यावे अशा बेताने. मी त्यांना एवढेच विचारले की त्यांच्या दिवाणखान्यात १९७९ च्या क्रिकेट संघाचा चौकटीतला फोटो आहे, त्यात त्यांचे केस खांद्यापर्यंत आहेत आणि शर्टाची वरची तीन बटणे उघडी आहेत, तो नातवंडांच्या वयाचा विचार करून कधी उतरवणार? पंगतीत कोणी हसले नाही, कारण जिलब्या वाढणाऱ्या माझ्या जाऊबाई एकदम थांबल्या होत्या.

माझे मत स्पष्ट आहे. पुरुषाचा तरुणपणीचा फोटो आठवण ठरतो आणि बाईचा त्याच वर्षीचा, त्याच कपड्यांतला फोटो वर्तनाचा पुरावा म्हणून तपासला जातो. बाईचे लग्नाआधीचे आयुष्य म्हणजे दाखवण्यासाठी स्टुडिओत काढलेला साडीतला कॅबिनेट साइज फोटो आणि पदवीदानाचा एक फोटो, एवढेच दिसावे अशी आपल्याकडे घराघरांतून अपेक्षा असते. आपण पुरुष आहात की स्त्री हे प्रश्नावरून कळत नाही. पुरुष असाल तर हा प्रश्न आपल्याला दुसऱ्या कोणी विचारलेला नसून आपणच स्वतःला विचारलेला असण्याची शक्यता जास्त आहे, आणि मग तो सोडून द्यायला हरकत नाही.

पंगतीतल्या वादात हरल्यावर भाऊजींनी मुद्दा बदलला आणि सुरक्षिततेवर आणला. सप्टेंबर २०२० मध्ये जोडप्यांचे फोटो टाकण्याची टूम निघाली होती तेव्हा फोटोंच्या गैरवापराबद्दल पुणे पोलिसांनी सावध केले होते, त्याचा त्यांनी दाखला दिला. तो दाखला खरा आहे. परंतु पोलिसांनी आपण काय, कुठे टाकतो याचा विचार करा असे सुचवले होते, वहिनींनी मोटारसायकलवर बसू नये असे नव्हे. तरीही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, आज धूसर कृष्णधवल चेहरासुद्धा काही क्षणांत रंगीत आणि हलता-बोलता करणारी साधने कोणाच्याही फोनमध्ये आहेत, म्हणून असे फोटो ओळखीच्या माणसांच्या बंद ग्रुपपुरते ठेवावेत आणि सर्वांसाठी खुले करू नयेत. ‘सर्वांसाठी डिलीट’ची सोय साधारण दोन दिवसच चालते, आणि त्याआधी ज्याने फोटो उतरवून घेतला त्याच्याकडे तो राहतोच. स्टेटस कोणाला दिसावा याची यादीही एकदा तपासावी. माझी मी आता मुद्दाम पूर्वीइतकीच मोठी ठेवली आहे.

थट्टेबाबत मात्र मी आपल्याला काही अधिकाराने सांगू शकते, कारण टी.वाय.ला मी गॅदरिंगच्या समितीवर होते आणि फिशपाँडची पेटी आदल्या दिवशी आम्हीच उघडत असू. आलेल्या चिठ्ठ्या सरसकट वाचल्या जात असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. आमचे एक प्राध्यापक शेजारी बसत आणि जातीवरून, रंगावरून, गरिबीवरून किंवा मुलीच्या चारित्र्यावरून काही असेल तर ती चिठ्ठी फाडून टाकत, मग ती कितीही चटकदार असो. निम्म्याहून अधिक पेटी अशी रिकामी होई. उरलेल्या चिठ्ठ्यांवर ज्याची थट्टा व्हायची तो स्वतः हसू शकेल अशी आमची खात्री असे. व्हॉट्सॲपवर तसे कोणी बसलेले नसते, ग्रुपचा ॲडमिन बहुधा झोपलेला असतो, म्हणून ते काम ज्याचे त्याने पाठवण्याआधी करावे. आमच्या ग्रुपवर एकाने एका वर्गभगिनीच्या जुन्या आणि आताच्या फोटोंची शेजारी शेजारी जुळणी करून तिच्या वजनावर विनोद केला होता. तिने हसरे चिन्ह टाकले आणि नंतर कित्येक महिने एकही शब्द लिहिला नाही. मी त्याला ग्रुपवरच सुनावले. त्याचे म्हणणे होते की आपण सगळे मित्रच आहोत; मग मित्रांनीच सुनावले तर त्याला वाईट वाटण्याचे कारण नव्हते. जो स्वतःचा एकही जुना फोटो टाकत नाही आणि इतरांच्या प्रत्येक फोटोवर शेरा मारतो, त्याच्याकडे आधी फोटो मागावा हा आमच्याकडचा अलिखित नियम तेव्हापासून आहे.

आपण कसे टाकावेत हे विचारलेले नाही, तरी सांगते, कारण लोक अल्बमची वाट लावतात. काळ्या कागदाच्या अल्बममधले कृष्णधवल फोटो सहसा टिकतात. नंतरचे, चिकट पानांवर प्लास्टिक ओढून लावलेले रंगीत फोटो मात्र पिवळसर-तांबूस होतात आणि पानाला घट्ट बसतात. ते नखाने खरवडू नयेत. आधी आहे त्या जागी फोटो टिपून घ्यावा आणि मग दात साफ करण्याचा धागा मागून हळूहळू ओढत सोडवावा. फोनने टिपताना फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात, फोन फोटोला समांतर धरावा. घरात स्कॅनर असेल तर छोट्या चौकोनी प्रतींसाठी ६०० डीपीआयच्या खाली जाऊ नये. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते, म्हणून ज्यांना प्रत जपायची आहे त्यांना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. खाली साल, ठिकाण आणि फोटो कोणी काढला त्याचे नाव लिहावे. फोटो काढणारा स्वतः फोटोत नसतो आणि सर्वांत आधी विसरला जातो.

एक गोष्ट खरे तर आधी लिहायला हवी होती. फोटोत आपल्याशिवाय आणखी कोणी असेल तर त्याला विचारल्याशिवाय टाकू नये. पन्हाळ्याच्याच सहलीचा तीन दरवाजापाशी काढलेला आम्हा सहा जणींचा सुंदर फोटो माझ्याकडे आहे. मी प्रत्येकीला फोन केला. पाच जणींनी आनंदाने होकार दिला, सहावीने नको म्हटले आणि कारण सांगितले नाही. मी विचारलेही नाही, आणि तिला कापून उरलेला फोटो टाकण्याचा उद्योगही केला नाही. जे हयात नाहीत त्यांच्या बाबतीत घरच्यांना विचारावे. आमच्या एका दिवंगत मित्राच्या मुलीने तर वडिलांचे विशीतले सगळे फोटो आमच्याकडून मागवून घेतले, कारण तिने ते कधी पाहिलेच नव्हते.

याच नियमामुळे माझे एक काम अडले आहे. १९८३ मध्ये महाबळेश्वरला काढलेला, भाऊजींचा लाल बेलबॉटममधला, एक पाय दगडावर ठेवून दूर कुठेतरी पाहणारा फोटो माझ्या अल्बममध्ये आहे. घरच्या ग्रुपवर टाकू का, असे मी त्यांना रीतसर विचारले आहे. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत मी तो टाकणार नाही. जाऊबाईंना मात्र दाखवला आहे.