कचरा व्यवसायाचा असला, तरी उचलायचा कोणी?

प्रश्न : वकीलसाहेब, तळमजल्यावर आमचा स्वतःच्या मालकीचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तिथूनच मी कॉलेजच्या मुलांना डबे पुरवते. दोन्ही वेळचे मिळून साठेक डबे होतात. दिवाळीपासून घंटागाडीवाले आमचा कचरा घेत नाहीत. ‘हा हॉटेलचा कचरा, याची वेगळी पावती लागते,’ म्हणतात. सोसायटीच्या डब्यात टाकला, तर व्यवसायाचा कचरा इथे टाकायचा नाही असं चेअरमननी लेखी कळवलं. शेवटी कामाला असलेल्या मुलाने एका रात्री पिशवी कोपऱ्यावर नेऊन ठेवली. आत आमच्या नावाची बिलं होती, त्यावरून सकाळी आरोग्य निरीक्षक दारात हजर. दंडाची पावती फाडत होते, मी पैसे दिले नाहीत. आता जानेवारी २०२५ ची नोटीस आली आहे. तुम्ही ‘बल्क वेस्ट जनरेटर’ (म्हणजे घाऊक प्रमाणात कचरा निर्माण करणारे) आहात, ओल्या कचऱ्याची विल्हेवाट स्वतः लावा आणि तीन वर्षांचं शुल्क व्यावसायिक दराने पंधरा दिवसांत भरा, असं त्यात आहे. घरपट्टी आम्ही दरवर्षी वेळेवर भरतो. दंड भरला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल का? आणि दारावरची पाटी काढून टाकू का?

– एक भगिनी, महानगरपालिका हद्दीतून

उत्तर : ताई, पंधरा दिवसांपैकी किती उरलेत हे तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून आधी तेवढंच सांगतो. मुदत संपायच्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे, मग ते एका पानाचं का असेना. क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. ‘साहेबांना भेटून सांगितलं’ याला पुढे काडीची किंमत नसते.

आता मुद्द्याचं. घंटागाडीवाले, चेअरमन आणि नोटीस काढणारे अधिकारी या तिघांचीही समजूत एकच दिसते की कचरा व्यावसायिक ठरला म्हणजे तो उचलायची जबाबदारी संपली. कायदा तसं म्हणत नाही. कचरा घरचा की धंद्याचा, यावरून शुल्काचा दर ठरतो. तो उचलायचा की नाही, हे त्यावरून ठरत नाही. तुमच्या नोटिशीच्या वेळी लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधल्या नियम १५ नुसार घरं, झोपडपट्ट्या, व्यावसायिक आणि संस्थांच्या जागा, सगळीकडून वर्गीकृत कचरा दारोदार गोळा करण्याची व्यवस्था स्थानिक संस्थेनेच करायची आहे. मोठ्या इमारतींतून तो फाटकापाशी किंवा ठरवून दिलेल्या जागेवरून घेता येतो, एवढीच सवलत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून आलं आहे. पावतीचा वाद असेल तर पावतीपुरता घाला, कचरा अडवून वसुली करता येत नाही.

यातला एक शब्द मात्र तुमच्या अंगावर येऊ शकतो : वर्गीकृत. नियम ४ प्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देणं हे तुमचं काम आहे. तुमच्या पिशवीत भाजीची देठं, उरलेला भात आणि बिलं एकत्र निघाली, म्हणजे वर्गीकरण होत नव्हतं हे उघड आहे. मुकादमाने उद्या ‘मिश्र कचरा होता म्हणून नाकारला’ असं लिहून दिलं, तर तुमची अर्धी बाजू तिथेच पडेल. तेव्हा आजपासून दोन डबे करा, आणि त्यांचे रोजचे फोटो तारखेसह ठेवा.

फोटो काढताना त्यात काय दिसतंय याकडेही लक्ष द्या. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅग आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या डब्या-वाट्यांवर बंदी आहे. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद, अशी त्यातली चढण आहे. आमटी तसल्या पिशवीत बांधून देत असाल तर थांबवा. कचऱ्याचा पुरावा म्हणून फोटो द्यायचा आणि त्यातूनच प्लास्टिकचा दंड ओढवून घ्यायचा, असे अशील मी पाहिले आहेत.

नोटिशीतला सगळ्यात कच्चा भाग म्हणजे ‘बल्क वेस्ट जनरेटर’. २०१६ च्या नियमांत या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. सरकारी इमारती, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वसतिगृहं, हॉटेलं, व्यावसायिक आस्थापना वगैरेंपैकी ज्यांचा कचरा दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त असतो, ते बल्क जनरेटर. साठ डब्यांच्या स्वयंपाकघरातून क्विंटलभर कचरा निघणार कसा? निरीक्षकाने वजन केलं होतं का, कोणत्या दिवशी, किती भरलं, हे नोटिशीत असायला हवं. नसेल तर हाच तुमच्या उत्तराचा पहिला मुद्दा. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने नव्या घनकचरा नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. त्यांचा आधार घेऊन कोणी काही सांगू लागलं, तर तुमची नोटीस त्याआधीची आहे, हे लक्षात असू द्या. तुमच्या नोटिशीला २०१६ चेच नियम लागू होतात.

नुसतं ‘आमचा कचरा कमी आहे’ म्हणून भागणार नाही. रद्दीवाला वापरतो तसला हुकाचा ताणकाटा आणा. रात्री स्वयंपाकघर आवरलं की ओल्याची आणि सुक्याची पिशवी वेगवेगळी काट्याला लावा आणि आकडा दिसेल असा फोटो घ्या. वहीत तारीख, ओला, सुका, असे रकाने आखा. नोटिशीला उत्तर देण्यापुरती जेवढ्या दिवसांची नोंद हाती येईल तेवढी पुरे. रविवार किंवा सणावाराला जास्त भरलं तर तेही तसंच लिहा. रोज एकच आकडा असलेली वही पाहून कोणाचाही विश्वास बसत नाही. शेजारच्या एखाद्या बाईंची अधूनमधून सही मिळाली तर सोन्याहून पिवळं. शिवाय तुमच्या महापालिकेच्या स्वतःच्या उपविधीत, म्हणजे तिने आपल्या हद्दीपुरत्या केलेल्या नियमांत, मर्यादेचा वेगळा आकडा दिला आहे का, तेही पाहून घ्या.

थकबाकीच्या बाबतीत तुमची बाजू सगळीच बळकट आहे असं मी म्हणणार नाही. कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने उपविधीत ठरलेलं शुल्क भरायचं आहे, हे नियम ४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. डबे विकून पैसे मिळतात, म्हणजे पुढे व्यावसायिक वर्गवारी लागण्याची शक्यता मोठी आहे आणि तिला विरोध करण्यात शक्ती घालवू नये असं माझं मत आहे. तीन वर्षांचा आकडा मात्र डोळे मिटून मान्य करू नका. उपविधी कोणत्या तारखेपासून लागू झाला, तुमचा प्रकार त्यात कोणत्या वर्गात बसतो, तीन वर्षं व्यवसाय चालू होता हे कशावरून धरलं, याचा हिशेब मागा. घरपट्टीचं बिल काढून त्यात कचरा शुल्काची ओळ आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी हे शुल्क घरपट्टीतच लावतात, आणि असेल तर भरलेली रक्कम थकबाकीतून वजा झालीच पाहिजे. दिवाळीपासून कचरा उचललाच गेला नाही. त्या काळाचं शुल्क हे न दिलेल्या सेवेचं शुल्क ठरतं, आणि त्याला लेखी हरकत घेणं रास्तच आहे.

दंडाचं विचारलंत. तो भरा. पिशवी तुमच्याच घरातली होती, तुमच्याच माणसाने ठेवली, आणि आपल्या जागेबाहेर रस्त्यावर कचरा टाकायला नियम ४ ची सरळ मनाई आहे. घंटागाडी घेत नव्हती म्हणून रस्त्यावर ठेवला, हा बचाव मला तरी टिकेल असा वाटत नाही. जागेवरचा दंड भरल्याने तुम्ही बल्क जनरेटर असल्याची कबुली होत नाही, त्या एका पिशवीचं प्रकरण मिटतं. न भरल्यास खटला गुदरून तारखांना हजर राहायची वेळ येऊ शकते. डबे करणाऱ्या बाईची दुपार त्यात गेलेली परवडत नाही. पावतीवर तारीख, कोणत्या तरतुदीखाली दंड आणि अधिकाऱ्याचं नाव आहे ना, तेवढं बघून घ्या.

उत्तर लिहिताना एका गोष्टीची फार काळजी घ्या. रागाच्या भरात लोक ‘माझा केटरिंगचा मोठा व्यवसाय असून मी सर्व कर भरते’ असं लिहून बसतात, आणि तोच कागद कर आकारणी विभागाकडे गेला की फ्लॅटची घरपट्टी बिगरनिवासी दराने लावायची नोटीस येते. खोटं लिहू नका, पण आहे त्यापेक्षा मोठंही करून सांगू नका. साधारण असं लिहा : ‘सदर सदनिका माझ्या कुटुंबाच्या निवासाची असून राहत्या स्वयंपाकघरातच मी मर्यादित प्रमाणात डबे तयार करते. दैनंदिन कचऱ्याच्या वजनाची नोंद सोबत जोडली आहे. तो १०० किलोंपेक्षा पुष्कळ कमी असल्याने मी घाऊक कचरा निर्माण करणारी या व्याख्येत येत नाही. वर्गीकृत कचरा रोज देण्यास मी तयार आहे. तो नियमितपणे उचलण्याचे आदेश व्हावेत. थकबाकीचा तपशील व लागू उपविधीची प्रत मिळावी. त्याआधी वसुलीची कारवाई करू नये व मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.’ ‘राहत्या स्वयंपाकघरातच’ हे शब्द तुमच्याबाबतीत खरे असतील तरच ठेवा. एक खोली फक्त व्यवसायाला दिली असेल तर ते वाक्य गाळा आणि उत्तर देण्यापूर्वी एखाद्या वकिलाला कागद दाखवा.

उपविधीची प्रत सहजी मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. कचरा उचलायचं त्यानंतरही सुरू झालं नाही, तर आयुक्तांकडे लेखी तक्रार, आणि अगदीच दाद लागली नाही तर उच्च न्यायालयात रिट. पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला स्वच्छतेचं कर्तव्य टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रतलाम नगरपालिकेच्या निकालात सांगितलं आहे. पण तुमचं प्रकरण तिथवर जाईल असं मला वाटत नाही. आयुक्त कार्यालयाचा एक फोन मुकादमाला पुरतो.

चेअरमनशी भांडू नका. तुम्ही सभासद आहात, मेंटेनन्स भरता, त्यामुळे कमिटीने नुसत्या पत्राने तुम्हाला सामायिक सोयीतून वगळणं योग्य नाही, आणि वाद वाढलाच तर उपनिबंधक आहेत, सहकार न्यायालय आहे. पण सफाई कामगाराला तुमच्या खरकट्याचे डबे धुवावे लागत असतील तर त्यांचीही तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. स्वतःचे झाकणाचे दोन डबे ठेवा, घंटागाडीच्या वेळी मुलाकडून परस्पर गाडीत रिकामे करून घ्या आणि तसं कमिटीला लिहून कळवा.

पाटी काढू नका. निरीक्षकाने तिचा फोटो काढलेला असणार, आणि नोटिशीनंतर पाटी गायब झाली तर लपवाछपवी केल्यासारखं दिसेल. त्याऐवजी अन्नसुरक्षेच्या नोंदणीचं बघा. वर्षाची उलाढाल लहान असली तरी घरून डबे विकणाऱ्याला ती नोंदणी लागते आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. ते नसेल तर सुनावणीच्या आधी अर्ज करून ठेवा, कारण तिथे तो प्रश्न निघतोच.