मावशीकडे जाऊ द्यायचं की नाही?

प्रश्न : मी ३६ वर्षांची, सासर सक्करदऱ्याला. माझी जुळी बहीण महाल भागात आईजवळ राहते. बाविसाव्या वर्षी तिला स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्या चालू आहेत, घरी शिवणकाम करते. लहानपणी आम्ही इतक्या सारख्या दिसायचो की शाळेत बाई तिची शिक्षा मला द्यायच्या. सासूबाई म्हणतात, "दोघींचं रक्त एकच, आज ना उद्या तुलाही होईल." यंदा तान्ह्या पोळ्याला माझ्या आठ वर्षांच्या लेकीला आजीकडे नेऊ दिलं नाही, मावशीजवळ राहून तीही तशीच होईल म्हणे. यात खरं किती?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, बाईंच्या शिक्षेची गोष्ट कामाची आहे. "लोकांची गफलत व्हायची का?" अशा साध्या प्रश्नांवरून जुळी एकबीजी (एकाच बीजापासून झालेली) की द्विबीजी (दोन वेगळ्या बीजांपासून झालेली) हे दहांत नऊहून अधिक वेळा बरोबर ओळखता येतं. तेव्हा तुम्ही बहुधा एकबीजी, म्हणजे दोघींची जनुकं जवळपास तीच. पण सासूबाईंची दोन्ही म्हणणी एकमेकांनाच कापतात. दोष रक्तातच असेल, तर पोरीला घरी बसवून काय साधलं बाप्पा?

आधी तुमचं पाहू. डेन्मार्कमध्ये जुळ्यांची देशव्यापी नोंदवही आहे. तिच्यावरून २०१८ साली निघालेला हिशेब असा : एकीला हा आजार असला तर एकबीजी जुळ्या भावंडाला तो होण्याचं प्रमाण ३३ टक्के, द्विबीजीला ७ टक्के. म्हणजे जनुकं सारखी असूनही तिघांतले दोघं सुटतात. त्याच अभ्यासात आनुवंशिकता ७९ टक्के निघाली, आणि लोकांचा घोळ होतो तो इथंच. माणसामाणसांत या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यात जनुकांचा वाटा किती, एवढंच तो आकडा सांगतो. कोण्या एका बाईला किती धोका, हे त्यातून निघत नाही. शिवाय हा आजार बहुतेकदा विशी-तिशीतच सुरू होतो. बायकांमध्ये पंचेचाळिशीनंतर थोडे रुग्ण पुन्हा दिसतात, पण छत्तिशीपर्यंत तुम्ही ठणठणीत आहात म्हटल्यावर उरलेला धोका ३३ हून बराच कमी.

लेकीबद्दल मात्र मी गुळमुळीत बोलणार नाही. अर्व्हिंग गॉट्समन आणि अक्सेल बर्टेलसन यांनी १९८९ मध्ये डेन्मार्कमधल्या अशाच जोड्यांची मुलं पाहिली, जिथं एकबीजी जुळ्यांपैकी एकच आजारी होता. आजारी जुळ्याच्या आणि निरोगी जुळ्याच्या मुलांत धोका जवळपास सारखाच निघाला, सुमारे १७ टक्के. त्याच वर्षी नॉर्वेतल्या अभ्यासात निरोगी जुळ्याच्या मुलांत तो साडेचार टक्क्यांच्या आतच होता. दोन्हीकडे मुलं थोडी, त्यामुळे आकडे हलणारच. मी मोठा, १७ टक्क्यांचा आकडा धरून चालते. तरी सहांतली पाच मुलं निरोगी राहतात. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतं.

आता सहवासाचं. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमधला अभ्यास छापला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं जन्मानंतर तीन दिवसांतच आईपासून दूर झाली आणि दुसरीकडे वाढली. त्यातल्या ५ जणांना मोठेपणी तोच आजार झाला; निरोगी आयांच्या, तशाच वाढलेल्या ५० मुलांत एकालाही नाही. दूर ठेवून धोका गेला नाही, हे सासूबाईंना असंच्या असं वाचून दाखवा.

जनुकांच्या चाचणीवर पैसे घालवू नका. एखाद्या मुलीला हा आजार होईल की नाही, हे सांगणारी चाचणी आजही नाही. पोरगी कॉलेजात जाईल तेव्हा गांजापासून दूर राहील एवढं पाहा, कारण मोठ्या प्रमाणावर गांजा ओढणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो, लहान वयात सुरू केला तर आणखीच. सोळा ते पंचविशीत ती एकाएकी एकलकोंडी झाली, संशय घेऊ लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, तर अंगारे-धुपारे न करता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. उपचार जितके लवकर, तितका फायदा. तोवर तिला महालात खुशाल न्या. मावशी शिवणकाम करते ना? पुढच्या तान्ह्या पोळ्याला पोरीच्या लाकडी नंदीची झूल तिच्याकडूनच शिवून घ्या, आणि बहिणीच्या पुढच्या तपासणीला सासूबाईंनाही सोबत घेऊन जा. डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांनाच विचारू दे.