मेंदूच्या ट्यूमरवरच्या ‘लाइट थेरपी’साठी ऑपरेशन पुढे ढकलावं का?

तुमच्या वडिलांना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर) आहे, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि ‘प्रकाशाने ट्यूमर मारतात’ असा व्हिडिओ बघून तुम्ही विचारताय की ते उपचार मिळेपर्यंत थांबावं का. कृपा करून थांबू नका. मी मुंबईत न्यूरोसर्जरीच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे, म्हणून इतकं ठाम सांगते.

अशा व्हिडिओंमध्ये दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. पहिली म्हणजे प्रकाशात ट्यूमर ओळखणं, आणि हे मुंबईत होतं. पेशंटला भूल द्यायच्या साधारण तीन तास आधी फाइव्ह-एएलए नावाची पावडर पाण्यात विरघळवून पाजतात. ट्यूमरच्या पेशींत तिच्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचं, निळ्या प्रकाशात चमकणारं द्रव्य तयार होऊन साठतं. एरवी गाठीची कड कुठे संपते आणि चांगला मेंदू कुठे सुरू होतो, हे मायक्रोस्कोपखालीसुद्धा नीट कळत नाही. आम्ही ओटीतले दिवे मंद करतो, सर्जन मायक्रोस्कोपवर निळा प्रकाश लावतात, आणि राखाडी दिसणारा तो भाग लालगुलाबी चमकायला लागतो. कडेकडेला रंग फिका होत जातो. तिथे किती काढायचं आणि बोलण्याचा, हातापायांचा भाग कसा सांभाळायचा, हा निर्णय मात्र सर्जनचाच. जर्मनीतल्या चाचणीत (2006) या पद्धतीने 65 टक्के पेशंटमध्ये स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या प्रकाशात 36 टक्के.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशाने पेशी मारणं, फोटोडायनॅमिक थेरपी. पेशीत साठलेल्या औषधावर ठरावीक लाल लेझर पडला की तिथला ऑक्सिजन विषारी रूप घेतो आणि पेशी मरते. औषध, प्रकाश, ऑक्सिजन, तिन्ही एकाच जागी लागतात. अडचण अशी की लाल प्रकाशही मेंदूत काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर आत पोचतो. म्हणून गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत तो द्यावा लागतो. डोक्यावर बाहेरून दिवा लावून ग्लायोब्लास्टोमा जात नाही. असं कुणी विकत असेल तर एक रुपयाही देऊ नका. तरी मला या उपचाराबद्दल खरीच आशा वाटते, कारण हा ट्यूमर बहुतेकदा जुन्या जागेच्या दोनेक सेंटिमीटरच्या आतच परत येतो. जपानने 2013 मध्ये टॅलापोर्फिन हे औषध यासाठी मंजूर केलं. इतरत्र हे मुख्यतः चाचण्यांमध्येच चालू आहे.

सर्जनना एवढंच विचारा: “डॉक्टर, बाबांना फाइव्ह-एएलए देणार का?” लिव्हरचा त्रास किंवा घरात कुणाला पोर्फिरिया (शरीरात पोर्फिरिन साठण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर आधीच सांगा. दिलं तर पुढचे एक-दोन दिवस त्यांना ऊन आणि प्रखर दिवे चालत नाहीत. खिडकीचा पडदा ओढलेला ठेवा, भेटायला येणाऱ्यांना तो उघडू देऊ नका.

ऑपरेशननंतर बहुधा सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या असतील. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं, त्यामुळे बाहेरगावाहून येत असाल तर राहण्याची सोय आत्ताच बघा. टाटामध्ये उपचार असतील तर तिथल्या समाजसेवा विभागात जा आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेबद्दल विचारा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आयडीएच आणि एमजीएमटी या ट्यूमरच्या जनुकांच्या तपासण्या आहेत का तेही बघून घ्या; पुढचे डॉक्टर पहिल्यांदा त्याच मागतील.