‘आवडत नाही’ म्हणजे काय?

‘ताई, एका मुलासाठी मी शेहेचाळीस मुलांचा धडा थांबवायचा का?’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत बसून सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी हे विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी शाळांसाठी समुपदेशन करते. पालकांइतकेच शिक्षकही माझ्याकडे येतात, आणि सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्यांची काळजी बहुतेक वेळा हीच असते. वर्गात एक-दोन मुलं वाचतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं काही करावं तर पोर्शन मागे राहतो, न करावं तर मन खातं. बाईंना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकिगत लिहिते आहे. मुलाला इथे अथर्व म्हणू.

बाईंचं माहेर नाशिककडचं. लग्न होऊन बडोद्याला आल्या त्याला आठेक वर्षं झाली. अथर्वचं घर मात्र पिढ्यानपिढ्या बडोद्यातलं. घरात मराठी, सोसायटीत गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. बाई मराठी आहेत हे कळल्यापासून तो त्यांच्याशी मराठीतच बोलायचा. 2024च्या जुलैत वाचायची पाळी आली की उभा राहून म्हणायचा, ‘टीचर, मला इंग्लिश आवडत नाही.’ बाई दुखावल्या. त्यांनी त्याच्या आईला बोलावून सांगितलं की मुलाला विषयाची गोडीच नाही. आईने घरी जाऊन मोबाइल काढून घेतला.

मी बडोद्यातच वाढले, त्यामुळे ते वाक्य माझ्या कानाला वेगळं लागलं. गुजरातीत ‘आवडतुं नथी’ म्हणजे येत नाही, जमत नाही. आपल्या ‘आवडतं’साठी गुजरातीत ‘गमे छे’ असतं. आमच्याकडची मुलं मराठी शब्दात गुजराती अर्थ कधी भरतात, त्यांचं त्यांनाही कळत नाही. अथर्व आला तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं, ‘इंग्लिश नकोसं वाटतं, की येत नाही?’ तो म्हणाला, ‘येत नाही. स्टोरी तर गमतात मला.’

बाई शेजारीच बसल्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

मग मी त्याच्यासमोर पुस्तकातला एक परिच्छेद ठेवला. बोट ओळीखाली धरून तो वाचू लागला. ‘हाउस’चं ‘हॉर्स’ झालं, ‘वॉज’चं ‘सॉ’ झालं. लांब शब्द आला की पहिलं अक्षर बघून अंदाज करायचा. नऊ ओळींना चार मिनिटं लागली आणि शेवटी काय वाचलं ते त्याला सांगता आलं नाही. तेवढ्याच लांबीचा पुढचा परिच्छेद मी त्याला वाचून दाखवला आणि पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरं बरोबर आली, तीही मोडक्यातोडक्या का होईना, इंग्रजीत. गोष्टीतला म्हातारा खोटं का बोलला असेल, याचं तर त्याने असं कारण दिलं की बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

म्हणजे मुलाला इंग्रजी कळत होतं. छापलेली अक्षरं उलगडत नव्हती. आपण शाळेत या दोन गोष्टींची एकच मोट बांधतो आणि तिला ‘इंग्रजी कच्चं’ असं नाव देतो.

मराठीत हे इतकी वर्षं का उघडं पडलं नाही, असं बाईंनी विचारलं. मराठीत ‘क’ कुठेही गेला तरी ‘क’च म्हणतो. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये एक बोलतं आणि ‘सिटी’मध्ये दुसरंच. सव्वीस अक्षरांत चाळीसहून जास्त ध्वनी बसवलेले. देवनागरीत हळूहळू का होईना निभावून नेणारं मूल इंग्रजीत अडकून पडतं. अथर्वला मी मराठीही वाचायला दिलं होतं. साधे शब्द तो वाचत गेला आणि ‘आश्चर्य’पाशी थांबला.

एका बैठकीवरून मी कुणाला डिस्लेक्सिया, म्हणजे समज असूनही छापलेलं वाचण्यात येणारी अडचण, आहे असं म्हणत नाही, शिक्षकांनीही म्हणू नये. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. आपल्या मुलांसाठी हे फार मोलाचं, कारण फक्त इंग्रजीत तपासलं तर अडचण भाषेच्या सवयीची की वाचनाची, हे कळत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. दाखला मिळाला तर पुढे सीबीएसईच्या दहावीला तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. हे सगळं आईला सांगितलं. बाईंना मात्र एवढंच म्हटलं, ‘दाखला यायला महिने लागतील. तुमचा धडा सोमवारी आहे.’

बाई मनाच्या फार चांगल्या. त्यांनी त्याच आठवड्यात रात्री जागून अथर्वसाठी सोपी वर्कशीट तयार केली, चार ओळींची, गुलाबी कागदावर, कोपऱ्यात फूल काढून. तास संपल्यावर ती बाकावर नव्हती, दप्तरातही नव्हती. संध्याकाळी आईला सापडली ती त्याच्या बुटात, टाचेखाली, आठ घड्या घातलेली.

त्या कागदाबद्दल मला खूप वाटलं, मुलासाठी आणि बाईंसाठीही. बारा वर्षांच्या मुलाला वर्गात सगळ्यांत जास्त भीती कशाची असेल तर वेगळं दिसण्याची. त्यापेक्षा नापास होणं त्याला परवडतं. म्हणून एका मुलासाठी वेगळा धडा करायचा नाही, हे माझं पक्कं मत आहे. धडा मुळातूनच असा आखायचा की त्याला आत यायला एकाहून जास्त दारं असतील, आणि ती दारं सगळ्यांना उघडी असतील.

मी एक तास मागच्या बाकावर बसून पाहिला. पस्तीस मिनिटांपैकी अकरा मिनिटं ओळीने वाचून घेण्यात गेली. अथर्व पुढचे बाक मोजत होता. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते हेरून तो तेवढाच ओठांत पुटपुटत राहिला. गोष्ट त्याच्या कानावरून गेली, आत काहीच गेलं नाही. पण त्या तासात मला तो एकटाच दिसला नाही. दुसऱ्या ओळीतली श्रवणयंत्र लावणारी मुलगी, बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की शेजारणीच्या वहीत बघायची. गुजराती माध्यमातून गेल्या वर्षी आलेला एक मुलगा प्रश्नातला ‘व्हाय’ आणि ‘हाउ’ यांतच अडखळत होता. खिडकीजवळची एक मुलगी सहा मिनिटांत सगळं संपवून रबराचे तुकडे करत बसली होती. बाई ज्याला ‘एक मूल’ म्हणत होत्या, ती वर्गात निदान चार होती, आणि प्रत्येकाची गोष्ट निराळी.

त्यानंतर आम्ही दोघींनी तीन शनिवार बसून धडे आखले. सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने करायची: या तासाला मुलांना नेमकं काय यायला हवं? गोष्टीतल्या माणसाने तसं का केलं ते धड्यातली दोन कारणं देऊन सांगता यावं, असं ठरलं, तर ते सगळ्यांनाच यायला हवं. त्यात सूट नाही. तिथवर जायच्या वाटा मात्र निरनिराळ्या.

अचानक उभं करून वाचायला लावणं बंद झालं. बाई आधी स्वतः वाचतात, मुलं बोट धरून मागे येतात, मग जोडीजोडीने वाचतात. ज्याला मोठ्याने वाचून दाखवायचं असेल, त्याला परिच्छेद आदल्या दिवशी मिळतो. अडणारे सहा शब्द आधीच फळ्यावर येतात, उच्चारासकट, हातवाऱ्यांसकट, आणि वर्गाकडे तोंड करून. चर्चा मराठी, गुजराती, हिंदी, कशातही चालते, लिहायचं ते इंग्रजीत. ‘इंग्रजीच्या तासाला गुजराती?’ म्हणून आधी बाईंनाच खटकलं होतं. पण विचार करायला जी भाषा हाताशी असते ती काढून घेतली, तर मूल फक्त गप्प बसतं.

बाईंच्या मनात एक शंका राहिली होती, आणि ती प्रामाणिक होती: हा बाकीच्यांवर अन्याय नाही का? मी विचारलं, ‘चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाने फायदा घेतला असं आपण म्हणतो का?’ स्पेलिंगच तपासायचं असेल त्या दिवशी स्पेलिंग तपासा, सवलत देऊ नका. समज तपासायची असेल तेव्हा स्पेलिंगला गुण कापून ती झाकू नका. मग गुणांची विभागणी केली. वृत्तांताला दहा गुण असतील तर सहा माहितीला आणि तिच्या क्रमाला, दोन वाक्यांना, दोन स्पेलिंगला. सगळ्यांना सारखी, आधी फळ्यावर लिहिलेली.

‘पण ताई, सातवीत गेला, आता उशीर झाला,’ असंही त्या म्हणाल्या. हे मी बडोद्यात कुणालाच म्हणू देत नाही. 1875 साली त्यांच्याच नाशिककडच्या कवळाण्याहून एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून इथे आला, तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्याने त्या वयात मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकायला घेतलं. त्याच सयाजीरावांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांची अडचण अथर्वची नव्हती आणि शिकवायला खास शिक्षक होते, हे खरं. पण बारा हे वय उशिराचं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. शाळा बंद राहिल्या, वस्त्यांत मगरी आल्या. शाळा उघडल्यावर बाईंचा पुढचा पाठ होता वृत्तांतलेखन. पुस्तकातला नमुना कुठल्याशा विज्ञान प्रदर्शनाचा होता. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि फळ्यावर पाच प्रश्न लिहिले: कोण, काय, कुठे, कधी, कसं.

अथर्वची सोसायटी नदीजवळची. फाटकाशी आलेली मगर त्याने पहिल्या मजल्यावरून पाहिली होती. वनखात्याची माणसं कधी आली, दोर कुठून टाकला, तिचं तोंड कशाने बांधलं, सगळं त्याच्याकडे होतं. गटातली मुलं पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बसली. तो सांगत गेला, जोडीदाराने मुद्दे टिपले. शब्दाच्या चिठ्ठ्या समोर ठेवून अथर्वने स्वतः पाच वाक्यं लिहिली. त्यातला एक शब्द बाईंनी मुद्दाम आणला होता. आपल्या नद्यांतल्या या मगरीला इंग्रजीतही ‘मगर’च म्हणतात. तो शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला आणि एम, यू, डबल जी, ई, आर असा लिहिला. अथर्वने तो वहीत तीनदा लिहिला. मग बाईंना विचारलं, ‘आपलाच शब्द, मग दोन जी कशाला?’

आठवडाभर तो वृत्तांत भिंतीवर होता. त्यात स्पेलिंगच्या चार चुका होत्या आणि दहापैकी सात गुण होते. त्याच्या वाचनाचा वेग अजून कमीच आहे. त्यासाठी आठवड्यातून दोनदा ध्वनी आणि अक्षरांचा वेगळा सराव चालू आहे, तो लांबचा रस्ता आहे.

बाई आता प्रत्येक धड्याच्या प्रती तीन गठ्ठ्यांत टेबलावर ठेवतात: एक नेहमीच्या अक्षरांत, एक मोठ्या अक्षरांत आणि ओळींमध्ये जास्त जागा सोडून, एक जास्तीच्या अवघड प्रश्नांसह. कागद तिन्हींना पांढराच. कुणी कोणता घ्यायचा हे बाई सांगत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला, मोठ्या अक्षरांचा गठ्ठा सगळ्यांत आधी संपतो म्हणून. त्याच्या प्रती त्या आता दहाऐवजी पंचवीस काढतात.