यूजीए : थांबा की सेलेनियम?

प्रश्न : जनुकाच्या संदेशात यूजीए ही तीन अक्षरं आली की प्रथिनाची साखळी संपते, असं आम्ही पाठ केलं होतं. मुलीच्या पुस्तकात मात्र त्याच यूजीएवर सेलेनोसिस्टीन हे एकविसावं अमिनो आम्ल बसतं असं वाचलं. मग कुठे थांबायचं, हे पेशीला कळतं कसं? आणि सेलेनियम यीस्टच्या गोळ्यांतून हेच मिळतं का?

उत्तर : पाठांतर चुकलेलं नाही, फक्त अर्धं आहे. नुसतं यूजीए दिसलं तर पेशी थांबतेच. न थांबण्याची खूण दुसरीकडे असते, आणि आपल्या पेशींत तर चांगली लांब : एम-आरएनएच्या, म्हणजे जनुकाचा संदेश वाहणाऱ्या रेणूच्या, प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या शेपटीत. तिथे आरएनए स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखी घडी घालतो. तिचं नाव सेसिस. एसबीपी२ नावाचं प्रथिन तिला धरतं आणि त्याच्या मदतीने सेलेनोसिस्टीनचा खास टी-आरएनए (अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू) रायबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिन बांधणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचतो. जीवाणूंत ही घडी यूजीएला खेटूनच असते.

मला शिकवायला सर्वांत आवडतो तो याच्या आधीचा भाग. बाकीची वीस अमिनो आम्लं सहसा आधी तयार होऊन मग टी-आरएनएवर चढतात. सेलेनोसिस्टीन टी-आरएनएवरच घडतं. आधी चढतं सेरीन हे साधं अमिनो आम्ल. त्याला फॉस्फेट जोडलं जातं, मग ते काढून त्या जागी सेलेनियम येतं. हे सेलेनियम सेलेनोफॉस्फेटच्या रूपात पुरवणारं एन्झाइम माणसात स्वतःच सेलेनोसिस्टीन असलेलं प्रथिन असतं! ‘मग पहिलं कुठून आलं?’ हे वर्गात कोणीतरी विचारतंच. ई. कोलाय या जीवाणूमध्ये तेच एन्झाइम साध्या सिस्टीनवर (सेलेनियमच्या जागी गंधक असलेल्या अमिनो आम्लावर) व्यवस्थित चालतं, एवढं सांगितलं की कोडं बरंचसं सैल होतं.

एवढा खटाटोप का? सिस्टीनमधल्या गंधकापेक्षा सेलेनियम पेशीच्या सामूत कितीतरी चपळ असतं. माणसात सेलेनोसिस्टीन असलेल्या प्रथिनांची 25 जनुकं आहेत. थायरॉईडचं संप्रेरक सक्रिय करणारी एन्झाइम्स त्यांतलीच. सेलेनियम कमी पडलं तर रायबोसोम त्या यूजीएवर थांबतो आणि प्रथिन अर्धवट राहतं.

आता गोळ्या. यीस्टकडे ही यंत्रणाच नाही. त्यातलं सेलेनियम बहुतांशी सेलेनोमिथिओनीन असतं, मिथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या जागी निव्वळ सारखेपणामुळे घुसलेलं. आपलं शरीर ते मोडून सेलेनियम सुटं करतं आणि सेलेनोसिस्टीन पुन्हा सेरीनपासूनच बांधायला घेतं.