बफर शेवटी बघा

तुम्ही विचारलंय, पुढच्या वर्षी एच-वन-बीवर अमेरिकेला येताय, नेमबाजी सोडायची नाही, एआर-15 रायफल घेतली तर बफर, म्हणजे तिच्या दस्त्यात बसणारा दणका शोषणारा वजनी तुकडा, किती वजनाचा बसवावा. नऊ वर्षांपूर्वी मीही हेच विचारत इथं आले, म्हणून राहवलं नाही.

व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर मिळेल. पण एक गोष्ट दुकानदारही सांगत नाहीत. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई आहे. आपल्यासारख्यांना लागू पडणारी सूट म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना. त्याची मुदत संपली की बंदूक घरात ठेवणंही गुन्हा. मला हे बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म 4473 भरून झाल्यावर, काउंटरवर सगळ्यांदेखत कळलं. परत फिरताना कान तापले होते.

आता बफर. तो शेवटी बघा, आधी गॅस. गोळीमागचा थोडा गॅस नळीवरच्या बारीक भोकातून मागं येऊन बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा भाग, ढकलतो. तो जास्त झाला तर बोल्ट वेळेआधी उघडतो, पुंगळीची कड ओरबाडली जाते, दणका वाढतो. लोक हे जड बफरनं दाबतात. मीही दाबलं. साधा कार्बाइन बफर 3 औंसांचा, त्याहून जड एच 3.8, एच-टू 4.6, एच-थ्री 5.4. चारही खणात पडलेत.

त्यापेक्षा कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक, म्हणजे त्या भोकावरचा स्क्रूवाला तुकडा, बसवून घ्या. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची, झाडायची, बोल्ट मागं अडकतो का बघायचं. स्क्रू बंद ठेवून सुरुवात करा, एकेक घर उघडत जा. अडकायला लागला की आणखी एक-दोन घरं उघडा, कारण थंडीत आणि काजळी धरल्यावर तेवढी सवड लागते. तुम्ही वापरणार त्यातली सगळ्यात कमजोर गोळी घ्या. पुंगळ्या घड्याळातल्या तीन ते साडेचारच्या दिशेला पडल्या तर ठीक. पुढं एक-दोनकडे उडत असतील तर गॅस अजून जास्त आहे.

माझी रायफल पहिल्याच महिन्यात अशी जमली होती. तरी मी हिवाळाभर दर रविवारी बफर बदलून रेंजवर जायचे. शेजारच्या लेनवर एक म्हातारे गृहस्थ यायचे. माझ्या पुंगळ्या कुठं पडतात ते बघून दोन वाक्यं बोलायचे. आठवड्यात ऑफिसबाहेर माझ्याशी कोणी बोललेलं तेवढंच. घरी आईला फोनवर सांगायचे, रायफल अजून नीट चालत नाही.

मुलगी पहिलीत असताना तिनं शाळेत ‘माझी आई’ म्हणून चित्र काढलं. कानावर मफ, हातात रायफल, समोर गोल टार्गेट. शाळेनं मला बोलावलं, समुपदेशकासमोर बसवलं, घरात कुलूप आहे का विचारलं. कुलूप होतंच. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, पण ते चित्र त्यांनी परत दिलं नाही, ते अजून सलतं. मुलगी तेव्हापासून रेंजवर आलेली नाही. मी तिला चल म्हटलंच नाही.