विडंबन नको, सोंग म्हणा

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "आमच्या गावचे पोट्टे गाण्याच्या अल्बमच्या कव्हरवरून फोटो काढून राह्यले. गणपतीत प्रदर्शन लावाचं हाय. बॅनरवर 'अल्बम कव्हरचे विडंबन' लिवलं, तं बुढे भडकले. मंग याले मराठीत म्हणावं तरी काय?"

सोबत दोन नमुने आहेत. एकात चार पोरं चुन्याचे पट्टे ओढलेली पांदण ओलांडताहेत. दुसऱ्यात तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या कॅसेटचं कव्हर कोणीतरी कॅमेऱ्यापुढे धरलंय आणि ते मागे उभ्या पोराच्या तोंडावर नेमकं बसलंय. पोराच्या हातात खंजिरी आहे.

बुढ्यांचं चुकलं नाही. संस्कृतात विडंबन म्हणजे नक्कलही आणि टवाळीही. मराठीत त्या एकाच खोडाला दोन फांद्या फुटल्या, विडंबन आणि विटंबना. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'नंतर, म्हणजे १९२५ नंतर, शिकलेल्यांच्या कानाला विडंबन हा खेळकर काव्यप्रकार वाटतो. पारावरच्या माणसाला मात्र आधी विटंबनाच ऐकू येते, कारण पेपरात त्याला तीच भेटते. ज्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तिथे महाराजांच्या फोटोशेजारी ते अक्षर लावणं म्हणजे भांडणाला आवतण. शिवाय विडंबनात मूळ वस्तूला चिमटा काढलेला असतो. खंजिरी धरलेल्या या पोराने कोणाला काढलाय चिमटा?

आता अल्बम. हा शब्द लॅटिनमधल्या 'पांढरा' या अर्थाच्या शब्दावरून आला. रोमन लोक जाहीर सूचना लिहायच्या पांढऱ्या फळ्याला अल्बम म्हणत. पुढे तो चित्रं-फोटो चिकटवायच्या कोऱ्या वहीला चिकटला. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचंच गाणं मावायचं, म्हणून पाच-सहा तबकड्या कागदी खिशांच्या जाड पुस्तकात घालून विकत. ते पुस्तक फोटोच्या वहीसारखं दिसे, म्हणून तेही अल्बम. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे बराच वेळ वाजणारी मोठी तबकडी, आली, सगळी गाणी एका तबकडीवर बसली, पुस्तक गेलं, नाव राहिलं. आपल्या गावात अल्बम म्हणजे अजूनही लग्नाचाच. फोटो स्टुडिओत जाऊन 'अल्बमचं कव्हर' मागा, तो रेक्झिनचे नमुने पुढे टाकील.

कव्हरला मराठी शब्द शोधायचा मोह मलाही झाला. मुखपृष्ठ म्हणावं, तर पृष्ठं आहेत कुठे? उशीला घालतो ती खोळ अर्थाने जवळची आहे, कारण रेकॉर्ड तशीच आत सरकते. पण सगळ्यात देखणा शब्द गवसणी. तंबोऱ्याला, तबल्याला घालतात ती गवसणी. आकाशाला घालायची ती हीच. संगीताच्या घरातलाच शब्द आहे. तरी वापरू नका. गवसणीवर चित्र नसतं आणि इथे सगळा खेळ चित्राचा आहे. कव्हर राहू द्या, ते आता आपलंच झालंय.

उरला प्रश्न 'केलं काय' याचा. या एका छंदात खरं तर तीन वेगळी कामं आहेत. कव्हर तोंडापुढे धरून खालचं अंग आपलं जोडायचं, याला इंग्रजीत स्लीव्हफेस म्हणतात. वेल्समधल्या कार्डिफ शहरातून २००७ मध्ये हे नाव पसरलं. एलपीचं कव्हर बारा इंच चौरस, त्यामागे तोंड पुरतं लपतं. कॅसेटचं जेमतेम चार इंच उंच, म्हणून ते कॅमेऱ्याजवळ धरून पोराला मागे पिटाळावं लागलं. ही युक्ती मला फार आवडली. दुसरं काम ख्रिश्चन मार्कले या कलावंताचं: १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एका कव्हरवरचं धड आणि दुसऱ्यावरचे पाय अक्षरशः दोऱ्याने शिवून टाकले. त्याला दुसरा शब्द शोधूच नये, ती गोधडी. तिसरं म्हणजे तेच दृश्य स्वतः उभं करणं. तुमची पांदण म्हणजे बीटल्स या इंग्रजी बँडच्या 'ॲबी रोड' अल्बमचं कव्हर, ज्यात चौघं झेब्रा क्रॉसिंग ओलांडताहेत. इयन मॅकमिलनने ८ ऑगस्ट १९६९ रोजी लंडनच्या रस्त्यात शिडीवर चढून तो फोटो काढला. चौघांतला पॉल मॅकार्टनी अनवाणी होता. तुमच्यातले तिघं अनवाणी दिसतात, चालायचंच. १९९३ मध्ये खुद्द मॅकार्टनीने त्याच रस्त्यावर कुत्रा घेऊन स्वतःच्या कव्हरची गंमत केली. आपल्याच कव्हरला चिमटा काढलेला, त्याला विडंबन खुशाल म्हणा.

पहिल्या आणि तिसऱ्या कामाला माझा शब्द सोंग. हिंदीतला स्वाँग तो हाच. मात्र क्रियापद सांभाळा. सोंग घेणं, सोंग वठवणं ही कला आहे. दंडार, खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्यांत कृष्णाचं सोंग आलं की बाया त्या पोराच्या पाया पडतात, काल तोच त्यांच्या वावरात निंदत होता तरी. सोंग करणं म्हणजे ढोंग. आणि अनेकवचनात तर विचारूच नका, "सोंगं पुरे झाली" हे आईने न म्हटलेलं लेकरू विदर्भात नसेल. म्हणून बॅनरवर एकट्या 'सोंगं' शब्दाला सोडू नका.

सोंगी भारूड आहे, आपल्याकडे सोंगी भजन आहे, म्हणजे गाणं आणि सोंग यांची सोयरीक जुनीच. त्याच चालीवर 'सोंगी फोटो' लिहा. बुढ्यांना एका दमात कळेल.

'कव्हरसोंग' असाही एक जोडशब्द मला सुचला होता आणि दोन दिवस मी त्यावर खूष होतो. पण बॅनरवाला त्याचं 'कव्हर साँग', म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गाणं, करणार, आणि गावातली पोरं माइक कुठाय म्हणून विचारत येणार.